मेधाची मेघा

माझे नाव मेधा आणि माझ्या मुलीचे नाव मेघा. गेल्या सात वर्षांत हे वाक्य मी रुग्णालयात, टपाल कार्यालयात, नोंदणी कार्यालयात आणि शाळेत इतक्या वेळा उच्चारले आहे की त्यामागोमाग ‘धनुष्यातला ध आणि घरातला घ’ हे स्पष्टीकरण आता आपोआप तोंडात येते. आईच्या किंवा वडिलांच्या नावाशी जुळणारे नाव बाळाला ठेवावे असे ज्यांच्या मनात असेल, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून आमचा सगळा अनुभव लिहून काढत आहे.

हा विचार माझ्या मनात कुठून आला ते आधी सांगायला हवे. माझ्या आईचे माहेरचे नाव सुलभा. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि ती मंगला झाली. मी महाविद्यालयात असताना कसलासा कागद शोधण्यासाठी आईची जुनी ट्रंक उघडली, तेव्हा तिच्या शालान्त परीक्षेच्या पिवळ्या पडलेल्या प्रमाणपत्रावर ते नाव मला पहिल्यांदा दिसले. ‘ही सुलभा कोण गं?’ असे मी विचारले. आईने ते प्रमाणपत्र माझ्या हातून घेतले, पदराने पुसले आणि पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले. ‘मीच की,’ एवढेच ती म्हणाली. माझ्या लग्नात नाव बदलायचे नाही हे मी त्याच दिवशी ठरवले होते, आणि सासरच्यांनी ते काही न बोलता मान्य केले.

आपल्याकडे वडिलांचे नाव मुलामागे मधले नाव म्हणून जन्मभर चालते, आणि आजोबांचे नाव नातवाकडे जाण्याचीही जुनी रीत आहे. पेशव्यांच्या घराण्यात बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव बाळाजी आणि त्यांचे पुत्र पुन्हा बाळाजी बाजीराव, असे नाव एक पिढी ओलांडून परत आलेले दिसते. खुद्द बापाचेच नाव मुलाला दिले तर ‘माधव माधव’ अशी जोडी होईल, म्हणूनही ही पिढी ओलांडण्याची सोय असावी असे मला वाटते. चुलत्याचे नाव पुतण्याला आले तेव्हा भाषेनेच तोड काढली आणि १७७४ मध्ये जन्मलेल्या नारायणरावांच्या मुलाला सवाई माधवराव म्हटले जाऊ लागले. पुरुषांच्या नावांना पुढच्या पिढीत जायला अशा कितीतरी वाटा होत्या. आईच्या नावाला मुलीकडे जायला मात्र एकही वाट नव्हती, कारण मुलीच्या नावात ते कुठे बसतच नव्हते आणि लग्नानंतर ते खुद्द तिच्यापाशीही उरेल याची खात्री नव्हती. माझे पूर्ण नाव मुलीला द्यावे असे मला कधीच वाटले नाही, कारण तिला तिचे स्वतःचे नाव हवे. मात्र त्यात माझा एखादा स्वर, एखादे अक्षर राहावे, ही इच्छा बाळ पोटात असल्यापासून होती.

मुलगी जुलै २०१८ मध्ये, आषाढातल्या धो धो पावसात, ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात झाली. तिच्या मनगटाला बांधलेल्या पट्टीवर निळ्या शाईत लिहिले होते, ‘बेबी ऑफ मेधा’. बाळाला स्वतःचे नाव मिळेपर्यंत रुग्णालय त्याला आईच्या नावाने ओळखते, हे मला ठाऊक होते. पण त्या बोटभर रुंदीच्या पट्टीवर माझे नाव वाचताना जे वाटले ते मी विसरलेले नाही. ती पट्टी आजही तिच्या पहिल्या टोपड्यासोबत ठेवलेली आहे.

घरी आल्यावर सासऱ्यांनी दाते पंचांग उघडून अवकहडा चक्र काढले. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे एकशे आठ चरणांची अक्षरे त्यात दिलेली असतात. आमच्या मुलीचे जन्मनक्षत्र मघा निघाले. मघाच्या चार चरणांची अक्षरे मा, मी, मू आणि मे अशी आहेत, आणि तिचा चरण चौथा होता. ‘मे आलंय,’ असे म्हणून सासरे माझ्याकडे पाहून हसले. मघा नक्षत्राची देवता पितर आहेत, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. चरणाक्षरावर माझी फारशी श्रद्धा नाही, परंतु मागच्या पिढ्यांच्या नक्षत्रावर माझेच अक्षर आले याचा मला मनापासून आनंद झाला.

‘मे’वरून नावे तशी थोडीच आहेत. मेघना हे सगळ्यांना आवडले असते, पण नणंदेच्या मुलीचे नाव तेच होते. मेखला आणि मेदिनी ही नावे सासूबाईंना हाक मारायला जड वाटली. शेवटी मी मेघा हे नाव सुचवले. मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी ‘मेघ’ शब्द पुल्लिंगी असल्याचे आणि त्यापुढे नुसता आकार लावून केलेले हे रूप व्याकरणाला धरून नसल्याचे फोनवर सांगितले. तेही खरेच होते. मात्र हे नाव आपल्याकडे इतके रुळले आहे की त्यावर त्यांनी आग्रह धरला नाही.

सासूबाईंची हरकत मात्र व्यवहारातली होती. ‘अगं, स्वयंपाकघरातून हाक मारली तर दोघी उठून येणार. नि फोनवर कुणी विचारलं तर कोण पाहिजे ते कसं कळायचं?’ मी म्हणाले, ‘अहो आई, ध आणि घ वेगळेच ऐकू येतात.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘तुला येतात. माझ्या वयाला विचार.’ माझ्या मावशीची शंका त्याहून खोल होती. आईसारखे नाव ठेवले की मुलीकडून सगळे आईसारखेच व्हावे असे लोकांना वाटू लागते, आणि हळूहळू आईलाही तसेच वाटायला लागते, असे तिचे म्हणणे होते. मावशीच्या या बोलण्यावर मी दोन रात्री विचार केला. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी स्पष्ट विचारले की मी हे बाळासाठी करते आहे की माझ्यासाठी. तो म्हणाला, ‘दोघींसाठी. पण तिने उद्या बदलायचं म्हटलं तर आपण अडवायचं नाही.’ तेवढी अट मी मान्य केली आणि ती आजही मानते.

पहिली चूक बारशालाच झाली. थर्माकोलवर राज्यात नुकतीच बंदी आली होती, म्हणून पाळण्यामागे लावायची अक्षरे आम्ही राम मारुती रोडजवळच्या एका सजावटवाल्याकडून सोनेरी पुठ्ठ्यात कापून घेतली होती. पाहुणे येण्याच्या तासभर आधी पाकीट उघडले तर आत ‘मेधा’ निघाले. मागणी नोंदवताना फोनमध्ये माझे नाव होते आणि कापणाऱ्याने तेच पुढे घेतले होते. पुन्हा कापून आणायला वेळ नव्हता. निखिलने उरलेल्या पुठ्ठ्याची बोटभर पट्टी कापली, ‘ध’च्या डोक्यावर डावीकडे जी जागा मोकळी असते तिच्यावर ती चिकटवली आणि ‘ध’चा ‘घ’ करून टाकला. जवळून पाहिले तर जोड दिसत होता. नणंदेने बाळाच्या कानात नाव सांगितले, बायकांनी ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात दिले, घुगऱ्या वाटल्या, आणि मेघा हे नाव घरात रुजू झाले. जी गोष्ट पुठ्ठ्याच्या एका पट्टीने निभावली, तिच्यासाठी पुढे दोन महिने खेपा घालाव्या लागतील याची तेव्हा कल्पना नव्हती.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार जन्माची माहिती एकवीस दिवसांच्या आत द्यावी लागते, आणि रुग्णालयात झालेल्या जन्माची माहिती रुग्णालयच निबंधकाकडे पाठवते. त्या वेळी बाळाचे नाव ठरलेले नसले तरी काही अडत नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद करता येते आणि नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालून घेता येते. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येते. हे मला माहीत असूनही मी घाई केली. दाखल्यावर नाव पहिल्यापासून असावे एवढ्याच हौसेने टाके दुखत असताना मी रुग्णालयाच्या कार्यालयात जाऊन बसले आणि अर्ज हाताने भरून दिला. बाळाचे नाव मेघा, आईचे नाव मेधा. माझे अक्षर बरे आहे, पण चालत्या हाताने लिहिताना मी ‘ध’वरही शिरोरेघ ओढून मोकळी होते. बहुतेक लोक असेच लिहितात, आणि वाचणारा संदर्भाने ओळखतो. इथे संदर्भच दोन्ही रकान्यांना सारखा लागू पडत होता. संगणकावर नोंद करणाऱ्या व्यक्तीने बाळाचे नाव बरोबर टिपले आणि आईच्या रकान्यातही तेच टिपले, मराठीत आणि रोमन लिपीतही. रोमन लिपीत तरी मी वेगळे लिहिले होते, परंतु तिथेही एकाच अक्षराचा फरक होता आणि तो नजरेतून सुटला.

दाखला हाती आल्यावर आम्ही बाळाचे नाव, जन्मतारीख आणि आडनाव तपासले. आईच्या नावाकडे मी पाहिलेच नाही, किंवा पाहिले आणि मनाने तिथे ‘मेधा’च वाचले. चूक टपाल कार्यालयात उघडकीस आली. सुकन्या समृद्धी खात्यात भरायची किमान वार्षिक रक्कम त्याच महिन्यात एक हजारावरून अडीचशे रुपयांवर आली होती, आणि मुलीच्या नावाने लगेच खाते उघडावे असे आम्ही ठरवले होते. खिडकीवरच्या बाईंनी माझे आधार कार्ड आणि मुलीचा दाखला शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींवर बोट फिरवले आणि विचारले, ‘मुलीच्या आई तुम्हीच ना? मग हे नाव कुणाचं?’ कागदावर माझी मुलगी मेघा हिची आई मेघा होती. तेवढ्यापुरती मी तिची आई नव्हतेच. त्या बाईंनी चूक तेव्हाच दाखवून दिली याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, कारण पुढे बाल आधार, पारपत्र आणि शाळा या प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न निघाला असता.

दुरुस्तीसाठी आधी रुग्णालयाकडे जावे लागले. तिथले उत्तर असे होते की अर्जात जे वाचले गेले तेच नोंदवले गेले. मूळ अर्ज काढून पाहिल्यावर त्यांचे म्हणणे पूर्ण खोटे नव्हते हे मलाही दिसले; परंतु प्रसूतीच्या कागदांवर, बिलावर आणि बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर माझे नाव बरोबर होते, तेव्हा जुळवून पाहणे त्यांना शक्य होते. तीन खेपांनंतर आईचे नाव मेधा असल्याचे पत्र मिळाले. नोंदणी कार्यालयात ते पत्र, माझी ओळखपत्रे, विवाह नोंदणीचा दाखला, मूळ जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र आणि वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन असे सगळे जोडून द्यायचे होते. निवेदनावर नणंदेने आणि शेजारच्या काकूंनी सह्या केल्या.

प्रतिज्ञापत्रासाठी मी कोर्टनाक्यावर गेले. तिथे टंकलेखन करणाऱ्या गृहस्थांकडे नावातील तफावतीचा तयार मसुदा होता, आणि त्यांनी माझे ऐकून घेत घेतच टाइप करायला सुरुवात केली: ‘मेधा व मेघा ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून...’ मी त्यांना थांबवले. त्यांच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला दोन नावांची व्यक्ती एकच आहे हे सिद्ध करायचे असते. मला नेमके उलटे सिद्ध करायचे होते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे आणि मांडीवरच्या बाळाकडे पाहिले, मग नवा कागद लावून लिहिले की मेधा व मेघा या दोन भिन्न व्यक्ती असून पहिली दुसरीची जन्मदात्री आई आहे. ते वाक्य वाचताना मावशीची शंका मला पुन्हा आठवली. आपण दोघी वेगळ्या आहोत हे मी शपथेवर लिहून दिले आहे, असे मी तेव्हा मनाशी म्हटले, आणि मुलीच्या बाबतीत काही ठरवताना ते वाक्य मला आजही आठवते.

अर्ज स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली, जी मला तोवर माहीत नव्हती. जन्माच्या नोंदवहीतली मूळ नोंद खोडत नाहीत आणि बदलतही नाहीत. कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे दुरुस्ती समासात लिहिली जाते आणि तिच्याखाली निबंधक तारखेसह सही करतात. म्हणजे त्या वहीत मेघाची आई मेघा ही ओळ कायम राहणार आणि तिच्या बाजूला माझे खरे नाव असणार. सुधारित दाखला हातात आला तेव्हा आम्ही दोघांनी तो तिथेच, खिडकीपासून बाजूला होऊन, एकेक रकाना मोठ्याने वाचला. त्यानंतर सुकन्या खाते उघडले आणि बाल आधारही काढले. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, त्याचा आधार क्रमांक आईच्या किंवा वडिलांच्या आधाराशी जोडतात. आम्ही तो निखिलच्या आधाराशी जोडला. दोन सारखी नावे त्या पडद्यावर पुन्हा वर-खाली येऊ नयेत, एवढेच कारण होते.

घरातला गोंधळ सासूबाईंना वाटला होता तेवढा झाला नाही. मुलगी मेघू झाली आणि मी मेधाच राहिले. ती दीड वर्षाची असताना निखिलने मला हाक मारली की तीही मान वर करायची, एवढेच. उलट फोनवर आणि कागदावर त्रास अजून संपलेला नाही. लसीकरणाचा निरोप, शाळेची पावती, वाचनालयाचे सभासदत्व, प्रत्येक ठिकाणी निदान एकदा तरी आमची अदलाबदल झाली आहे. त्यातून माझे असे मत झाले आहे की मी अक्षर निवडताना चुकले. नाव जवळचे असावे हा माझा निर्णय आजही मला योग्य वाटतो. पण जवळीक कानाला जाणवणारी असावी, लिहिताना एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे टाळावीत. ध आणि घ, भ आणि म, रोमन लिपीत एकाच अक्षराने बदलणारी नावे, यांपासून सावध राहायला हवे. मीरा आणि मिताली अशी जोडी असती तर मला हवे ते सारे मिळाले असते आणि कोर्टनाक्याची खेप वाचली असती.

आता हा प्रश्न आणखी महत्त्वाचा झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी अशा कामांना जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जातो, म्हणजे त्यातली चूक दुसऱ्या कागदाने झाकता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिण्याचा निर्णय झाला आहे. हा निर्णय ऐकला तेव्हा मला माझ्या आईचे ते प्रमाणपत्र आठवले. जे मी एका अक्षरातून चोरून आणू पाहत होते, ते आता पूर्ण नाव घेऊन उजळ माथ्याने मुलांसोबत चालणार आहे. माझी मुलगी २०१८ ची असल्याने तिला तो क्रम लागू नाही. असता तर ती ‘मेघा मेधा निखिल’ झाली असती.

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीतली एक मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. तिलाही आपल्या नावाशी जुळणारे नाव हवे आहे आणि ती मला विचारायला आली होती. मी तिला सांगितले की नाव पूर्ण, आईच्या नावासकट, पाच वेळा मोठ्याने म्हणून पाहा. पक्के ठरले नसेल तर रकाना रिकामा ठेव, वर्षभर मुदत आहे. अर्ज दोन्ही लिपींत सुट्या अक्षरांत लिही आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेव. संगणकावर नोंद होते तेव्हा शेजारी उभी राहून पडद्यावरचे वाच. आणि दाखला मिळाला की बाळाच्या नावाआधी स्वतःचे नाव तपास. मावशीने मला विचारलेला प्रश्नही मी तिला विचारला. त्याचे उत्तर तिने मला द्यायची गरज नव्हती.

मेघा यंदा दुसरीत आहे, मराठी शाळेत. गेल्या वर्षी तिच्या बाईंनी घ घराचा आणि ध धनुष्याचा शिकवला, तेव्हा घरी येऊन तिने मला विचारले होते की तुझ्या ध वरची रेघ कुणी काढून टाकली. यंदा जूनमध्ये वह्यांना कव्हरे घालताना लेबलांवर नाव लिहायला तिने मला हात लावू दिला नाही. एका वहीच्या शेवटच्या पानावर शाळेने आईचे नाव लिहायला सांगितले होते. तिने ‘मे’ लिहून त्यावर रेघ ओढली, मग पेन्सिल उचलली, ‘ध’च्या डोक्यावरची जागा बोटाने झाकून धरली आणि पलीकडून पुन्हा रेघ सुरू केली.